हराळी आणि द्राक्षवेल
पाप सुटते कसे आणि पवित्रता वाढते कशी?

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन माणूस चर्चबाहेर पडतो, तेव्हा त्याच्या मनात एक तरी निश्चय असतो. उपवासकाळाचे हे चाळीस दिवस घरच्यांवर ओरडणार नाही. दारूला शिवणार नाही. कुणाच्या माघारी वाईट बोलणार नाही. निश्चय खरा असतो आणि डोळ्यांतले पाणीही खरे असते. मग शुक्रवारी संध्याकाळी, कामावरून दमून आल्यावर, मुलाच्या हातून दुधाचा पेला निसटतो आणि बुधवारी सोडलेले शब्दच तोंडातून बाहेर पडतात. रात्री अंथरुणावर प्रश्न छळत राहतो : मला हे करायचे नव्हते, तरी माझ्या हातून झाले कसे?

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे इसवी सन ५७ मध्ये प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या सातव्या अध्यायात हीच व्यथा आहे. जे चांगले करावेसे वाटते ते होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच घडून जाते, असे तो कळवळून सांगतो. पौलानंतर कितीतरी ख्रिस्ती साधकांनी हे कोडे सोडवण्यासाठी आयुष्य वेचले. पाप मनात शिरते कुठून, त्याची सवय कशी होते आणि ती सुटते कशी, याचे बारकाईने केलेले निरीक्षण त्यांनी आपल्यासाठी मागे ठेवले आहे. ते समजून घेतल्याने झुंज टळत नाही. पण कुठे उभे राहून झुंजायचे, हे कळते.

पाप म्हणजे नेमके काय?

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापासाठी सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द आहे ‘हमार्तिया’. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. तिरंदाजाचा बाण निशाण सोडून भलतीकडे जातो, तसे. ख्रिस्ती माणसाचे निशाण येशूने स्पष्ट सांगितले आहे : देवावर सगळ्या जिवाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. या प्रीतीपासून ढळणारे कृत्य, शब्द, विचार, आणि करायचे राहून गेलेले चांगले कामही, पापात मोडते.

पण पाप एकेकट्या कृत्यापाशी संपत नाही. ज्याने शेत केले आहे, त्याला हराळी माहीत असते. वरवर खुरपली की रान दोन दिवस स्वच्छ दिसते आणि पाणी मिळताच पुन्हा हिरवे होते, कारण तिच्या काशा जमिनीखाली पसरलेल्या असतात. नुसता नांगर घातला तर काशांचे तुकडे होतात आणि तुकड्या-तुकड्याला नवी फूट येते. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचून काढाव्या लागतात, उन्हात वाळवाव्या लागतात. ओरडणे, खोटे बोलणे, लाच घेणे ही वर दिसणारी पाती. गर्व, लोभ, मत्सर, भीती या खालच्या काशा. निश्चय बहुधा पात्यांबद्दल केला जातो. तो चार दिवसांत मोडतो याचे पहिले कारण हे.

दारावरची टकटक

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो साधक एकांतात राहायला गेले. त्यांच्यात इव्हाग्रियस नावाचा विद्वान होता. कॉन्स्टँटिनोपल या राजधानीतला हा नामवंत प्रवचनकार इसवी सन ३८३ च्या सुमारास वाळवंटात आला आणि ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. तिथे बाजार नव्हता, मेजवान्या नव्हत्या, दरबार नव्हता. तरी मोह होतेच. म्हणजे मोहाचे मूळ बाहेरच्या वस्तूत नसून मनात येणाऱ्या विचारात आहे, हे त्याने ओळखले. असे आठ विचार त्याने नोंदवले : खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, साधनेचा कंटाळा, बडेजाव आणि गर्व. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या यादीची फेरमांडणी केली आणि त्यातून पुढे ‘सात प्रमुख पापे’ ही सर्वपरिचित यादी आली.

इव्हाग्रियसचा सर्वांत उपयोगी धडा असा : विचार मनात येऊ द्यायचा की नाही, हे आपल्या हातात नाही. त्याला मुक्काम करू द्यायचा की नाही, हे आहे.

सातव्या शतकात सिनाय पर्वतावरच्या योहान क्लिमाकस या मठाधिपतीने तीस पायऱ्यांच्या आध्यात्मिक शिडीवर ग्रंथ लिहिला. त्यात मोहाचा प्रवास टप्प्याटप्प्याने सांगितला आहे. दारावर आलेल्या विक्रेत्याचे उदाहरण घेतले की तो चटकन समजतो.

पहिला टप्पा चाहूल. बेल वाजली, इतकेच. यात तुमचा काही दोष नाही. दुसरा टप्पा संवाद. तुम्ही दार किलकिले करून “काय आहे?” असे विचारता आणि तो पिशवी उघडू लागतो. तिसरा टप्पा संमती. “या आत, बसा.” चौथा टप्पा कैद. आता तो उठत नाही आणि तुम्हाला त्याला उठवता येत नाही. शेवटचा टप्पा विकार. आता तो रोज येतो, बेलही वाजवत नाही, कारण किल्ली त्याच्याकडे असते. क्लिमाकस ‘झुंज’ ही आणखी एक अवस्था सांगतो. तिच्यात माणूस मोहाशी तुल्यबळ असतो, जिंकूही शकतो आणि हरूही शकतो.

यावरून दोन गोष्टी कळतात. मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे. अरण्यात चाळीस दिवस उपवास केल्यावर खुद्द येशूचीही परीक्षा झाली आणि तो निष्पाप राहिला. मनात घाणेरडा किंवा सुडाचा विचार आला म्हणून स्वतःला कोसणाऱ्या भाविकांनी हे लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट, रोखण्याची जागा दारातच असते. शुक्रवारच्या त्या बापाचे पाहा. पेला सात वाजता पडला. पण पाचच्या लोकलमध्ये उभ्याने येताना तो साहेबांचे टोचून बोलणे मनात घोळवत होता, त्यांना द्यायची उत्तरे जुळवत होता. विक्रेता दोन तासांपूर्वीच घरात येऊन बसला होता. पेला हे नुसते निमित्त झाले. त्याने पेला पडल्यावर राग आवरायचा प्रयत्न केला, तेव्हा फार उशीर झाला होता. हाच प्रयत्न लोकलमध्ये झाला असता, तर पेला पुसून विषय संपला असता.

चाकोरी कशी पडते?

टप्पे माहीत असूनही माणूस का घसरतो? याचे उत्तर संत ऑगस्टीनने आपल्या जीवनावरून दिले. इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावी जन्मलेला हा बुद्धिमान माणूस वर्षानुवर्षे वासनेशी झगडत होता. इसवी सन ४०० च्या सुमारास लिहून पूर्ण केलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात तो आपल्या पायातल्या साखळीचे वर्णन करतो आणि ती दुसऱ्या कुणी घातली नव्हती, हेही कबूल करतो. इच्छा वाकडी झाली, तीतून वासना आली. वासनेची चाकरी केली, तीतून सवय आली. सवयीला विरोध केला नाही, तेव्हा ती गरज होऊन बसली.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : चाकोरी. कच्च्या रस्त्यावरून बैलगाड्या जाऊन-जाऊन चाकांची खोल खूण पडते, ती चाकोरी. पहिली गाडी कुठूनही जाऊ शकते. शंभरावी गाडी गाडीवानाने कासरा ओढला तरी त्याच खाचेत उतरते. म्हणून जुन्या सवयीपुढे नुसता निश्चय दुबळा ठरतो.

याची दुसरी बाजू आशेची आहे. चाकोरी चांगल्या दिशेनेही पडते. पहिल्यांदा क्षमा मागताना जीभ अडखळते, पन्नासाव्यांदा कमी अडखळते. ख्रिस्ती परंपरा ज्याला सद्गुण म्हणते, ती चांगुलपणाची मुरलेली सवय आहे.

बळ येते कुठून?

आता मुख्य प्रश्न. ही साखळी माणूस स्वतःच्या बळावर तोडू शकतो का?

पाचव्या शतकाच्या आरंभी यावर मोठा वाद झाला. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलाजियस हा कडक शिस्तीचा साधक म्हणत होता की देवाने आज्ञा दिल्या म्हणजे त्या पाळायची शक्तीही माणसाजवळ आहे, त्याने मन घट्ट करावे. ऑगस्टीनचा अनुभव उलटा होता. मन घट्ट करूनच तर तो थकला होता. ३८६ मध्ये मिलानमधल्या एका बागेत, रडून हताश झाल्यावर, त्याने पौलाच्या पत्रातला एक उतारा वाचला आणि आतली गाठ सुटली. पुढच्या वर्षी ईस्टरच्या वेळी बिशप अँब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. सुटका ही देवाची कृपा आहे, कमाई नव्हे, हे त्याचे म्हणणे मंडळीने मान्य केले. ४१८ मध्ये कार्थेज इथल्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली.

मग माणसाने हात जोडून स्वस्थ बसायचे का? तसेही नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो : तुम्ही मनापासून झटा, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे. हे कसे, ते येशूने द्राक्षवेलाच्या दृष्टान्तातून सांगितले. तो वेल आणि आपण फांद्या. फांदी घड स्वतः बनवत नाही, पण वेलापासून तुटली तर तिला घड येणे शक्यच नाही. पिता माळी आहे आणि फळ देणाऱ्या फांदीचीही तो छाटणी करतो.

नाशिककडच्या बागायतदाराला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. तो वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहाराची छाटणी. खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते. नव्या काड्या फुटतात, पण घडाचा पत्ता नसतो. मात्र त्याच उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्याच्या आत, पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होत असतो. तो बाहेर दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. आतल्या वाढीचेही असेच आहे. प्रार्थना कोरडी वाटते, दुःखाची कात्री चालते, काहीच बदललेले दिसत नाही, आणि तरी डोळ्यात घड धरत असतो. फांदीचे काम वेलाला धरून राहण्याचे. प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन आणि उपासना ही धरून राहण्याची रूपे आहेत, देवाकडून काही विकत घ्यायची नाणी नव्हेत.

याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मोकळेपणाने लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली. जून १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रडत पापांची कबुली देऊ लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालल्या. ती लाट ओसरल्यावरही निराधार स्त्रियांची सेवा आणि बायबलचे भाषांतर ही रोजची कष्टाची कामे रमाबाईंनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवली. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भावनेचा पूर येतो तेव्हा तो वरदान असतो. फळ मात्र वर्षानुवर्षांच्या निष्ठेने पिकते.

एका दिवसाचे आणि आयुष्यभराचे

दोन शब्दांतला फरक इथे पाहायला हवा : ‘नीतिमान ठरणे’ आणि ‘पवित्रीकरण’. एखाद्या अनाथ मुलीला दत्तक घेतले, असे समजा. कागदावर सही झाली त्या दिवशी ती त्या घराची लेक झाली. निम्मी लेक असा प्रकार नसतो. पण त्या घराची बोली, जेवणाच्या रीती, एकमेकांवर विसंबणे हे शिकायला तिला वर्षे लागतात. सुरुवातीला ती उशीखाली भाकरी लपवून ठेवते, कारण उद्या मिळेल याची खात्री नसते. ही जुनी भीती गेली नाही म्हणून तिला कुणी घराबाहेर काढत नाही. ती घरातच राहते, म्हणून हळूहळू भीती जाते. देवाने आपल्याला लेकरू म्हणून स्वीकारणे, हे पहिले. त्या घराला शोभेसे होत जाणे, हे दुसरे.

प्रोटेस्टंट शिकवण या दोन्हींत स्पष्ट फरक करते. कॅथलिक शिकवणीत आतून नवे होणे हा पहिल्याचाच भाग आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा देवाच्या जीवनात सहभागी होत जाण्याची भाषा बोलते. मांडणी वेगळी असली तरी स्वीकारलेले लेकरू बदलत गेले पाहिजे, याबद्दल तिघांचेही एकमत आहे.

रोजच्या वापरातली चार अवजारे

पहिले, तपासणी. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात एक साधी रीत आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याबद्दल सावध व्हायचे, दुपारी आणि रात्री जेवणानंतर आठवून पाहायचे आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वहीतल्या ओळीवर द्यायचे. मग कालच्या ओळीशी आजची ओळ, गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. किराणा दुकानदार रोजचा हिशेब रोज लिहितो, तसे.

दुसरे, रिकामी जागा भरणे. येशूच्या एका दृष्टान्तात भूत घर सोडून जाते, घर झाडून साफ होते, पण रिकामेच राहते. ते भूत सात जणांना घेऊन परत येते. वाईट काढले की तिथे चांगले लावावेच लागते. इफिसकरांच्या पत्रात पौल चोराला सांगतो की चोरी सोड, हातांनी काम कर आणि गरजूला दे. घेणारा हात देणारा झाला की चोर खरा बदलला. निंदा सोडणाऱ्याने रोज एकाचे तरी मनापासून कौतुक करावे. वाईट चित्रे सोडणाऱ्याने मोबाइल रात्री खोलीबाहेर ठेवावा आणि ती वेळ वाचनाला किंवा माणसांना द्यावी.

तिसरे, सोबत. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्लीच्या मंडळीवर इमारतीचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बाराएक जणांमागे एकाने ती गोळा करायची, असे ठरले. दारोदार जाताना या लोकांना घराघरातल्या व्यथा आणि घसरणी कळू लागल्या. त्यातून साप्ताहिक बैठका सुरू झाल्या, जिथे माणसे एकमेकांना आत्म्याची खुशाली विचारत. एकटे लाकूड विझते, चुलीत चार लाकडे एकत्र असली की धग राहते. ज्याला दारूचे व्यसन जडले आहे, त्याने डॉक्टरांची आणि मदतगटाची सोबतही घ्यावी. ते श्रद्धा कमी असल्याचे लक्षण नाही. देव औषधातूनही काम करतो.

चौथे, कबुली आणि भरपाई. कॅथलिक भाविक धर्मगुरूंपाशी पापनिवेदन करतात. याकोबाचे पत्र एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. लपवलेले पाप अंधाऱ्या खोलीतल्या बुरशीसारखे वाढते, उजेडात आणले की सुकू लागते. आणि नुसते बोलून भागत नाही. जक्कय या जकातदाराने येशू घरी आल्यावर ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत द्यायचे कबूल केले.

पडल्यावर काय करावे?

येशूला अटक झाली त्या रात्री दोन शिष्य घसरले. यहूदाने त्याला धरून दिले आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारले. दोघांनाही अतोनात पस्तावा झाला. यहूदा आपले दुःख घेऊन एकटाच निघून गेला आणि त्याने जीव दिला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांमध्ये राहिला. पुढे सरोवराच्या काठी, मेलेल्यांतून उठलेल्या येशूने त्याला तीनदा विचारले की माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनदा आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. बायबलच्या हिब्रू भाषेत पश्चात्तापासाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ माघारी वळणे. अपराधी भाव माणसाला स्वतःकडेच बघायला लावतो. पश्चात्ताप त्याला देवाकडे वळवतो. म्हणून पडल्यावर तासाभरात उठावे, पुढच्या रविवारची वाट पाहू नये.

उजेड वाढला की धूळ दिसते

शेवटी आणखी एक कोडे. जे खरेच पवित्र होत जातात, ते स्वतःला अधिक पापी का म्हणतात? सोळाव्या शतकातल्या आविलाच्या संत तेरेजा यांनी पेल्यातल्या पाण्याचा दाखला दिला आहे. सावलीत पाणी स्वच्छ वाटते, सूर्यकिरण पडला की त्यातले कण दिसतात. कौलातून कवडसा पडल्यावर खोलीत तरंगणारी धूळ आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. कवडशाने धूळ आणलेली नसते. ऑगस्टीननेही बिशप झाल्यावर, बाप्तिस्म्याला दहाएक वर्षे उलटून गेल्यावर, आपल्याला अजून कोणकोणते मोह होतात हे ‘कन्फेशन्स’मध्ये प्रामाणिकपणे लिहिले. तेव्हा तुम्हाला पूर्वी न दिसणारे दोष आज दिसत असतील, तर बहुधा तुम्ही मागे गेलेला नाही. उजेड वाढला आहे.

थोडक्यात

• मोह होणे हे पाप नाही. त्याला आत बसवून घेणे ही सुरुवात आहे.
• दारातच रोखा. संमतीनंतरची झुंज फार महाग पडते.
• पाती खुरपू नका, काशा शोधा : या पापामागे गर्व आहे, भीती आहे की लोभ?
• बळ कृपेचे आहे. आपले काम वेलाला धरून राहण्याचे.
• वाईट काढाल तिथे चांगले लावा. एकटे राहू नका.
• पडलात तर लगेच उठा आणि माघारी वळा.

पवित्रतेचे मोजमाप उपवासांच्या संख्येने होत नाही. आपण घरात पाऊल टाकल्यावर मुलांचे चेहरे खुलतात की आक्रसतात, यावरून ते कळते, कारण निशाण प्रीतीचे आहे. आज रात्री दहा मिनिटे शांत बसा. देवाचे आभार माना, दिवस आठवा, एकच दोष वहीत लिहा आणि त्याच्यासाठी कृपा मागा. ज्याच्यावर ओरडलात तो मुलगा अजून जागा असेल, तर आधी उठून त्याची क्षमा मागा.